पुलापलीकडची रानडुकरीण

२ सप्टेंबर

नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आज बारा दिवस झाले. तो सोफ्यावर पाय लांब करून, गुडघ्यावर बर्फाची पिशवी, आणि तोंड नेहमीसारखं चालू. त्याची मोठी बहीण, म्हणजे माझी नणंद, खालच्या मजल्यावरून वर आल्या, खुर्ची चाचपून बसल्या आणि म्हणाल्या, "मग माझं काय?"

ताईंना वयाच्या नवव्या वर्षापासून दिसत नाही. त्या फिजिओथेरपिस्ट आहेत. खाली त्यांचं उपचाराचं टेबल, भिंतीला लावलेल्या दांड्या आणि घडी केलेल्या टॉवेलांची चळत. लोक वाकडे येतात आणि सरळ होऊन जातात. आठ वर्षं त्या रोज सकाळी भावाच्या हातातल्या दोरीचं दुसरं टोक धरून टेकडीमागच्या रानवाटेने धावतात. यंदा पहिल्यांदाच दोघांचा नंबर डोंगरवाटेच्या एकवीस किलोमीटर शर्यतीत लागला आहे. शर्यत अकरा ऑक्टोबरला. डोळस सोबती नसेल तर ताईंना उभं करत नाहीत.

"चार आठवड्यांत मी उभा राहतो की नाही बघ," नवरा म्हणाला.

"आणि तोपर्यंत?"

मग दोघांची तोंडं माझ्याकडे वळली. ताईंचं तर अगदी नेमकं वळलं.

मी कोर्टात लघुलेखिका आहे. एकवीस वर्षं लोक बोलतात आणि मी टिपते. तोंड बंद, बोटं चालू. वकिलांचे आवाज कानातून जावेत म्हणून संध्याकाळी शाळेच्या मैदानावर एकटी तीस-तीस फेऱ्या मारते, तेव्हा धावण्याची मला भीती नाही. पण सोबत्याला धावता धावता सतत बोलावं लागतं. समोर काय आहे ते सांगत राहायचं. तिथे माझी बोंब आहे.

ताईंनी जाताना ही वही दिली. "रोजचं लिही. काय चुकलं ते आधी लिही."

५ सप्टेंबर

पहिला दिवस. रुंद रस्त्यावर दोघी शेजारी, बारीक वाटेवर मी एक पाऊल पुढे, हात मागे, हातात दोरी. शेवटच्या घराचं फाटक, खडी, मग झाडी, मोठं वळण, ओढा, ओढ्यावर लाकडी पूल.

मी म्हणत होते, "मूळ. दगड. डावीकडे. खाली. मूळ."

"अगं, सामानाची यादी वाचतेस का?" ताई म्हणाल्या. "स्टेनोबाई, जरा वाक्यात बोल."

मोठ्या वळणावर त्यांनी विचारलं, "कोल्हा आहे का गं आज?"

"कुठला कोल्हा?"

"वळणावर बसतो तो. फाटक्या कानाचा. गप्पूला रोज दिसतो."

गप्पू म्हणजे माझा नवरा. हे नाव ताईंनीच त्याला तो पाच वर्षांचा असताना ठेवलं, आणि ते का ठेवलं हे कोणाला विचारावं लागत नाही.

मी बघितलं. एक दगड, एक झुडूप, तारेचं कुंपण. "नाही," मी म्हटलं.

"बरं." पुढचे दोन किलोमीटर त्या बोलल्या नाहीत. नाराज झाल्या असणार.

६ सप्टेंबर

नवऱ्याला कोल्ह्याचं विचारलं. तो हसत सुटला.

"तो होय! तो मी तयार केलेला आहे. सुरुवातीला ती नुसतं मूळ-दगड ऐकून कंटाळायची. एकदा म्हटलं, ताई, कोल्हा! तिचा चेहरा काय खुलला म्हणून सांगू. मग रोजचंच झालं. त्याला पिल्लं झाली, त्याचा कान फाटला, एकदा त्याने कोणाचा तरी बूट पळवला."

"आठ वर्षं?"

"तू पण हो म्हण. तुझ्या बापाचं काय जातं?"

मी म्हटलं, जे घडलं नाही ते मी टिपलं तर माझी नोकरी जाते.

"ते कोर्ट आहे. ही माझी बहीण आहे," तो म्हणाला, आणि बर्फ बदलून मागितला.

११ सप्टेंबर

काय चुकलं ते आधी. मी ताईंना पाडलं.

झाडी संपते तिथे वाटेच्या कडेला ससा उभा होता, मागच्या दोन पायांवर. सूर्य त्याच्या पाठीमागे. कान आरपार तांबडे दिसत होते, आतल्या बारीक शिरांसकट. मी आयुष्यात ससा असा पाहिला नव्हता. बघतच राहिले. आणि वाटेत पडलेली फांदी सांगायची राहिली. ताई दोन्ही हात पुढे करून पालथ्या पडल्या.

तळवे सोलवटले, उजवं मनगट सुजलं. ते हात म्हणजे त्यांची रोजीरोटी आहे आणि बऱ्याच अंशी त्यांचे डोळे. मी तिथेच वाटेत बसून रडले. त्या उठून अंग झटकत माझीच वाट बघत उभ्या राहिल्या.

१२ सप्टेंबर

ताईंनी तीन दिवसांचे रुग्ण परत पाठवले. नवरा मला काही बोलला नाही, जे त्याच्या बाबतीत फारच झालं.

मी माफी मागायला खाली गेले. त्या तळव्यांना मलम लावून, हात वर धरून बसल्या होत्या.

"काय होतं तिथे?"

"फांदी."

"फांदी नव्हे. त्याच्या आधी. तुझी बोटं दोरीवर चालली होती. टकटक टकटक. कोर्टातल्या मशीनवर बसल्यासारखी."

मला हे माहीतच नव्हतं. म्हटलं, "ससा होता."

"मग तोंडाने सांगायचा ना! आता ससाही गेला आणि माझे तळवेही." आणि मग, "कसा होता?"

मी कानांचं सांगितलं. त्यांनी दोनदा सांगायला लावलं.

संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं, शर्यतीच्या फॉर्मवर सोबती म्हणून तुझं नाव आहे. बदलायचं तर सात ऑक्टोबरपर्यंत कळवायचं आहे. तो म्हणाला, "बदलायचं कशाला? मी आहे ना." मला बरंच वाटलं. माझ्या हातून एकवीस किलोमीटरमध्ये ताईंचं एकही हाड शाबूत राहायचं नाही.

१७ सप्टेंबर

ताईंचे हात बरे झाले, पुन्हा धावलो. मोठ्या वळणावर त्यांनी पुन्हा विचारलं, कोल्हा आहे का. बाईंना पाडलंय, निदान एवढं तरी द्यावं असं वाटलं.

"आहे," मी म्हटलं. "दगडावर बसलाय. कान हलवतोय."

"बरं," ताई म्हणाल्या.

त्यानंतर त्या फार हळू झाल्या. मोकळा हात पुढे धरून, प्रत्येक पाऊल चाचपत. मी "सपाट आहे" म्हणायचे तरी त्या पाय उचलूनच टाकायच्या. मनगट दुखत असेल. पण कोल्ह्याने त्यांना आनंद झाला असावा, नवरा म्हणतो तसा.

१८ सप्टेंबर

ताईंचा निरोप: मनगट दुखतंय, आज नको.

२० सप्टेंबर

आजही नको. पण सकाळी सहाला खालून धपधप आवाज येत होता, म्हणून जिन्यातून डोकावले. ताई मागच्या अंगणात जागच्या जागी धावत होत्या. मनगट दुखतंय तर पाय कसे चालतात, काही कळेना.

नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "तू कोल्हा नीट सांगितला नसशील."

२१ सप्टेंबर

आज कोर्टात एका साक्षीदाराने जबाब फिरवला. जजसाहेबांनी मला त्याची आधीची साक्ष वाचून दाखवायला सांगितली. मी वाचत होते आणि तो माणूस माझ्याकडे बघत होता, जणू मीच त्याच्यावर उलटले. आपलेच शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना माणसाचं तोंड कसं होतं, हे मी एकवीस वर्षं बघते आहे.

घरी आले ती चप्पल न काढता ताईंकडे. त्या टॉवेलांच्या घड्या घालत होत्या.

"ताई, सतरा तारखेला कोल्हा नव्हता."

त्यांनी हातातली घडी पूर्ण केली, चळतीवर ठेवली, दुसरा टॉवेल घेतला.

"आणि पाच तारखेला?"

"तेव्हाही नव्हता. तेव्हा तसंच सांगितलं होतं."

"आणि ससा?"

"ससा होता. ससा खरा होता."

"उद्या पावणेसहाला," ताई म्हणाल्या. "फाटकाशी थांब. उगाच बेल वाजवून सगळी बिल्डिंग उठवू नकोस."

मनगटाचं विचारलं तर म्हणाल्या, "कसलं मनगट?" नवऱ्याचं नाव मी घेतलं नाही. आठ वर्षांचा तो कोल्हा त्याचा त्याने निस्तरावा.

२६ सप्टेंबर

आजचं सगळं लिहून काढणार आहे, हात दुखला तरी.

चार दिवस छान धावलो होतो. मी वाक्यात बोलायला लागले आहे. आज पूल ओलांडला आणि बारीक वाटेला लागलो तोच ताईंनी दोरी मागे खेचली.

"थांब. कोण आहे?"

"कोणी नाही."

"आहे. पुलापासून वास येतोय. आणि डावीकडे कोणीतरी खणतंय."

मला फक्त ओढ्याकाठची उंच गवतं हलताना दिसली. वारा नव्हता. मग गवत फाकलं आणि ती बाहेर आली.

चित्रांत रानडुक्कर पाहिलेलं असतं, त्याचा काही उपयोग नाही. ही भली थोरली, खांद्याकडे उंच, मागे उतरती, अंगावर काळे राठ केस आणि त्यांवर दव. नाकावर ताजी माती. ती वाटेत आडवी येऊन उभी राहिली आणि तिने मान आमच्याकडे वळवली.

माझी बोटं सुरू झाली. तोंडाचं कुलूप मात्र निघेना.

"बोटं नकोत," ताई कुजबुजल्या. "तोंड."

आणि मी बोलले. एवढ्या हळू आवाजात आणि एवढं सरळ मी कधी बोलले नव्हते.

"रानडुकरीण आहे. वीस पावलांवर. वाटेत आडवी."

"केवढी?"

"तुमच्या टेबलाएवढी."

"तोंड कुठे?"

"आपल्याकडे. कान उभे आहेत. शेपूट वर आहे."

"पिल्लं असतील. पाठ फिरवू नकोस. माझ्याबरोबर एक पाऊल मागे. आता आणखी एक."

आम्ही दोन पावलं मागे सरकलो. ताईंचा हात दोरीवर होता. माझ्या एका शब्दावर त्या पाय मागे टाकत होत्या, मागे मूळ आहे की दगड ते मी सांगेन या भरवशावर. मी सांगितलं. "मागे सपाट. सपाट. आता थांबा."

डुकरीण घशातून काहीतरी म्हणाली. धमकी नसावी, कारण गवतातून बारीक आवाजांनी तिला उत्तर दिलं. ताईंनी मान तिरकी केली.

"आली पिल्लं?"

"एक. दोन... तपकिरी आहेत. अंगावर लांब फिकट पट्टे, पट्टीने आखल्यासारखे. चार. एकामागे एक चाललीत. पाच, सहा. सातवं घसरलं. चिखलात बसलंय."

"मग?"

"ती थांबली आहे त्याच्यासाठी. बाकीची पलीकडे गेली. ती जात नाही."

ती खरंच जात नव्हती. आमच्यावरची नजर तिने काढली नाही आणि जागाही सोडली नाही. उन्हाची पहिली तिरीप तिच्या तोंडावर आली, तेव्हा मला दिसलं.

"ताई, तिला पापण्या आहेत. लांब. फिकट रंगाच्या."

ताई हसल्या, आवाज न करता. सातवं पिल्लू उठलं, अंग झटकलं, तिच्या पायांमधून धावत गेलं. तिने त्याला नाकाने हलकंसं ढकललं, आमच्याकडे एकदा शेवटचं पाहिलं आणि वळली. एवढं मोठं धूड, पण जाताना काटकीसुद्धा मोडली नाही. मला ती फार आवडली. तशी उभी राहणारी बाई मी कोर्टातसुद्धा क्वचित पाहिली आहे.

मग आम्ही मागे फिरलो. पुलावर जाऊन बसलो. ताईंनी गार पाणी तोंडावर मारलं आणि खदखदून हसायला लागल्या. मीही हसले. हसता हसता विचारलं, "एवढ्या लांबून वास येतो तुम्हाला?"

"डुकराचा येतो. कोल्ह्याचा तर त्याहून उग्र असतो. लहानपणी आमच्या घरामागे कोल्हा यायचा, मी तेव्हा पाहिलाय आणि हुंगलाय. त्या वळणावर आठ वर्षांत एकदाही आला नाही."

मग म्हटलं, "मग रोज विचारायचात कशाला?"

"गप्पूला सांगायला आवडायचं. कोल्हा सांगताना तो धापा टाकायचं विसरायचा."

"आणि मला का विचारलंत?"

"तुला विचारलं ते वेगळं," ताई म्हणाल्या आणि बुटाची नाडी बांधायला लागल्या. वेगळं म्हणजे काय ते काही सांगितलं नाही.

परतताना त्या म्हणाल्या, की या रानात अशी पिल्लं काही पहिल्यांदाच जन्मलेली नाहीत. रान तेच, वाट तीच. पण गप्पूचा आवाज ऐकून हत्तीसुद्धा पळाला असता.

२७ सप्टेंबर

चहाच्या वेळी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने टाळ्या वाजवल्या.

"वा! डुकरीण! आणि वर पापण्या! माझ्यावर कडी केलीस तू."

"खरी होती," ताई म्हणाल्या.

तो हसत होता तो हळूहळू थांबला. "खरी म्हणजे?" मग कप खाली ठेवला. "मी असताना का नाही आली?"

याचं उत्तर आम्हा दोघींना माहीत होतं. ताईंनी बिस्किटांची बशी त्याच्यापुढे सरकवली.

३ ऑक्टोबर

ताईंनी आज नवऱ्याचा गुडघा अर्धा तास दाबून, वाकवून पाहिला. "होईल हळूहळू," म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरात हात धुवायला गेल्या त्या बराच वेळ आल्याच नाहीत. नळ वाहत होता.

नवरा हल्ली जिना उलटा उतरतो, कठडा धरून. नवा व्यायाम आहे म्हणतो. त्याचं धावायचं घड्याळही मला देऊन टाकलं, पट्टा टोचतो म्हणून. चार आठवडे उलटून गेले, म्हणजे आता बरा होईलच.

फॉर्मवर अजून त्याचंच नाव आहे. मी विचारत नाही. आणि एक गोष्ट इथे लिहिते, कारण मोठ्याने बोलणार नाही: मला ही शर्यत धावायची आहे. नवऱ्याने बरं व्हावं असं मला मनापासून वाटतं, आणि अकरा तारखेपर्यंत होऊ नये असंही वाटतं. मला माझीच लाज वाटते.

६ ऑक्टोबर

काल रात्री जेवताना नवरा म्हणाला, "मला ती डुकरीण बघायची आहे."

आम्ही दहा मिनिटांत धावतो त्या वाटेला त्याला पन्नास मिनिटं लागली. दोन्ही बाजूंनी आम्ही. मूळ आलं की मी सांगायचे, आणि ते ताईंसाठी नव्हतं. पुलावर तो पाय लांब करून बसला. घामाने भिजला होता. "बघा, आता मी सांगतो तुम्हाला, डुकरं साधारण..."

"गप," ताई म्हणाल्या. आणि तो खरंच गप्प बसला.

उजाडलं. ओढ्यावरचं धुकं वर सरकलं. मग ती समोरच्या काठाने पाण्याशी उतरली, पट्टेवाली सगळी मागे. तिने आम्हाला पाहिलं, क्षणभर तोललं आणि पाण्याला तोंड लावलं. पिल्लं तिच्या पोटाखालून पुढे घुसली. पाण्यात पडलेली तिची सावली पिल्लांच्या धक्क्यांनी फुटत होती आणि पुन्हा जुळत होती.

"सांग की रे, गप्पू," ताई कुजबुजल्या.

त्याने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. एक शब्द फुटेना. त्याने नुसती ताईंची बाही मुठीत धरली.

ताईंनी थोडी वाट पाहिली. मग चेहरा माझ्याकडे वळवला. मी सांगायला लागले. काठ, धुकं, आई, किती पिल्लं, सातवं आजही सगळ्यात मागे. नवरासुद्धा ऐकत होता, समोर दिसत असून.

ती पाणी पिऊन, सगळ्यांना गोळा करून, चढ चढून गेली.

"असं असतं होय," तो म्हणाला. मग म्हणाला, "ताई, तो कोल्हा..."

"माहीत आहे रे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलू कशाला दिलंस?"

"तुझा आवाज आवडायचा मला. अजूनही आवडतो."

त्याने मान खाली घातली. गुडघ्यावरचा पट्टा उगाच सैल केला, पुन्हा आवळला. "फॉर्मवर हिचं नाव घाल," तो म्हणाला. "उद्या शेवटचा दिवस आहे. आणि पुढच्या वर्षीही हिचंच घाल. डॉक्टरांनी मला ऑपरेशननंतर तिसऱ्याच दिवशी सांगितलं होतं, आता धावणं बंद. मला तुम्हाला सांगता येईना."

दीड महिना एका घरात राहून मला हे कळलं नव्हतं. ताईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, लहान मुलाच्या ठेवतात तसा.

"जा, धावा तुम्ही. सात किलोमीटर बाकी आहेत," तो म्हणाला. "मी बसतो इथे."

मी दोरी पुढे केली. ताईंनी टोक धरलं. निघालो. शंभर पावलं गेल्यावर त्या म्हणाल्या, "मागे बघ."

"तुम्हीच म्हणता, सोबत्याने मागे बघायचं नाही."

"बघ म्हणते ना."

मी बघितलं. काहीतरी बरंसं सांगावं असं फार वाटलं.

"तिथेच बसलाय," मी म्हटलं. "दोन्ही हातांनी गुडघा धरलाय. रडतोय."

ताईंची मूठ दोरीवर घट्ट झाली. पाय थांबले नाहीत.

"थांबायचं का?" मी विचारलं.

"नको. रडू दे त्याला. तू पुढचं सांग."

"चढ आहे," मी म्हटलं. "तीस पावलं. मधे दोन मुळं, मग उजवीकडे."